स्टार्टरच्या रंगाचा कॉम्प्युटर

पास्कल, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी खोड जुनीच. गाळ्यात, चहाच्या टपरीवर, तुझ्या घरच्या पडवीत, कुठेही आपला वाद रंगात आला की तू हातातली पक्कड खाली ठेवायचास, "उद्या बघू" म्हणायचास आणि चालू लागायचास. मी मागून ओरडत राहायचो. त्या रविवारीही तू तेच केलंस. कॉम्प्युटर पडवीत उघडा पडला होता, तुझी लेक जेनी रुसून आत गेली होती. मी म्हणत होतो ग्राफिक्स कार्ड खराब आहे, तू म्हणत होतास पॉवर सप्लाय खराब आहे. शेवटी तू पक्कड ठेवलीस आणि म्हणालास, "सुभाष, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याचं शटर मी एकट्यानेच वर केलं. थोड्या वेळाने तुझ्या भावाचा फोन आला, की पास्कल रात्री झोपला तो उठलाच नाही.

तुझ्या मातीला अख्खं नंदाखाल गाव लोटलं होतं. चर्चमध्ये सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. किती शांत, किती देवभोळा, कधी कुणाला उलट शब्द नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या मातीला आलोय. तू हट्टी होतास, पत्त्यांत लबाडी करायचास, आणि एखादी गोष्ट डोक्यात घेतलीस की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाहीस, हे कुणीच बोललं नाही. ते मी लिहून ठेवतोय. शिवाय आपला वाद मिटवायचा आहे. तू मध्येच उठून गेलास म्हणून मी काही तो सोडणार नाही.

हे सगळं सुरू कुठून झालं आठवतंय? जेनी नववीत गेली आणि क्लास सुटल्यावर उशिरा घरी यायला लागली. मग कुणीतरी लुसीवहिनींच्या कानावर घातलं की तुमची मुलगी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत मुलांच्यात बसलेली असते. घरात वणवा पेटला. वहिनी रडल्या, तुझा भाऊ म्हणाला क्लास बंद करा. तू मात्र मला म्हणालास, "चल, आधी बघून येऊ." तुझ्या स्कूटरवर मागे बसून मी आलो. मला वाटलं आता पोरीच्या कानाखाली बसणार, म्हणून तुला आवरायलाच आलो होतो.

आत अंधार, पंख्यांची घरघर, आणि एका कॉम्प्युटरभोवती ही पोरांची गर्दी. खुर्चीत जेनी. पडद्यावर गाड्यांची शर्यत चालली होती आणि तिची निळी गाडी सगळ्यांच्या पुढे. मागे उभी असलेली पोरं श्वास रोखून बघत होती. तूही बघत उभा राहिलास. शर्यत संपली, तिने मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तू विचारलंस काय, तर, "त्या मोठ्या वळणावर तू ब्रेक का नाही मारलास?"

ती आधी घाबरली, मग हळूच म्हणाली, "ब्रेक मारला की मागचे पुढे जातात ना, पप्पा. आधीच स्पीड सोडायचा आणि लवकर वळवायची."

तू मान डोलावलीस. घरी येऊन वहिनींना सांगितलंस, "कॅफे बंद." जेनीचं तोंड एवढंसं झालं. मग म्हणालास, "कॉम्प्युटर घरी येईल. तिचा खेळायचा कॉम्प्युटर. नाताळपर्यंत."

मी तिथेच आडवा आलो. कॉम्प्युटर घ्यायचाच तर अभ्यासाचा घे म्हटलं, टायपिंग शिकेल, हिशेबाचा कोर्स करेल, कुठेतरी चिकटेल. खेळाच्या मशीनला ते महागडं कार्ड लागतं, ते कशाला? तू शांतपणे म्हणालास, "अभ्यासाला वही आहे की." मी म्हटलं, पोरीला डोक्यावर चढवतोयस. त्यावर तू जे म्हणालास ते मी विसरलेलो नाही. "तिला एक गोष्ट येते, सुभाष. पोरं मागे उभी राहून बघतात एवढी येते. तुला मला काय येतं सांग, स्टार्टर सोडून?" मी तोंड उघडलं, तोवर तू उद्या बघू म्हणून उठलासही.

स्टार्टर मात्र आपल्याला येत होते. गोखिवऱ्याच्या त्या गाळ्यात आपली उमेदीची वर्षं गेली पंपाचे स्टार्टर बनवण्यात. राखाडी पत्र्याचा डबा, वर हिरवं बटण चालूचं, लाल बटण बंदचं. तू पत्रा आणि फिटिंग, मी वायरिंग आणि टेस्टिंग. गावोगावच्या विहिरींवर आपले डबे लागलेत, पण त्यावर नाव शेठचं. म्हणून दुकानातला तयार कॉम्प्युटर परवडत नाही हे कळल्यावर तू अजिबात खचला नाहीस. म्हणालास, "आपण रोज डबे बनवतो. हा पण एक डबाच."

मग दर शनिवारी मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या फेऱ्या. तू मला ओढत न्यायचास, कारण घासाघीस तुझ्याने होत नसे. तू वस्तू हातात घेऊन तिच्या प्रेमात पडायचास आणि दुकानदाराला ते लगेच दिसायचं. मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे घेतले, त्यात तडजोड नको असं आपलं दोघांचं एकमत झालं. बहुतेक तेवढंच एक एकमत. मॉनिटर एका बंद पडलेल्या ऑफिसातला उचलला. ग्राफिक्स कार्ड जुनं, वापरलेलं घेतलं, आणि मी तेव्हाच म्हटलं होतं की हे पुढे रडवणार. मेमरीची पट्टी लागेना तेव्हा तू जेनीच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन पट्टीचे सोनेरी पाय घासत बसलास. ते तुला दुकानातल्या पोराने शिकवलं होतं, आणि तू मला असं शिकवलंस जणू तुझाच शोध.

आणि कॅबिनेट! बाजारात स्वस्तातले मिळत होते, पण नाही. शेठची परवानगी काढून तू गाळ्यात पत्रा कापलास, वाकवलास, पंख्याच्या जाळीला भोकं पाडलीस आणि स्टार्टरच्या डब्यांबरोबर रंगाच्या भट्टीत घातलास. बाहेर आला तो तसाच राखाडी. वर आपलंच हिरवं बटण, चालू करायला. लाल बटणाचा आतला कॉन्टॅक्ट बदलून ते रीसेटला लावलंस. मी हसून हसून बेजार झालो होतो. जेनीला दाखवायला तिला गाळ्यात बोलावलंस, तर ती बघतच राहिली.

"पप्पा, हा कॉम्प्युटर आहे की पंप?"

तुझा चेहरा उतरला होता, खोटं नको बोलूस. पण तिने लगेच पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि हिरव्या बटणाच्या वर लाल अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. मग तू दिवसभर शीळ वाजवत काम केलंस.

गाळ्यात तो झकास चालला. जेवणाच्या सुट्टीत सगळे कारागीर भोवती जमले, सुट्टी संपली तरी कुणी हलेना. शेठ ओरडायला आले आणि स्वतःच खुर्चीत बसले. त्यांची गाडी पहिल्याच वळणावर भिंतीत. संध्याकाळी आपण तो डबा गोधडीत गुंडाळून स्कूटरवर, तुझ्या माझ्या मध्ये, नवऱ्या मुलासारखा नंदाखालला आणला. नाताळ तोंडावर होता. पडवीत टेबल मांडलं, जेनीने हिरवं बटण दाबलं, शर्यत सुरू झाली. पहिलं वळण आलं, आणि पडदा काळा. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत होतं.

तिथून आपले ते रविवार सुरू झाले. सगळा नाताळ त्यात गेला. मी एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटवरून संध्याकाळी यायचो, तू केळीच्या वाडीतलं काम उरकून हात धुऊन बसायचास, आणि आपण तो डबा उघडायचो. साधं काम केलं तर चालायचा. गेम लावला की बसायचा. पुन्हा गाळ्यात नेला की दिवसभर तक्रार नाही. मी म्हणायचो कार्ड, तू म्हणायचास सप्लाय. मी म्हणायचो मी टेस्टिंगवाला आहे, तू म्हणायचास म्हणूनच तर माल परत येतो. मग गाडी घसरायची माझ्या फ्लॅटवर. "नावाला सिटी आणि पाण्याला टँकर. तुझ्या टाकीत आमच्याच गावचं पाणी येतं, सुभाष, जरा मान ठेव." वहिनी चहा आणायच्या आणि म्हणायच्या, दोघांना एकदा फादरांसमोर उभं केलं पाहिजे. तुम्ही घरात आपसात तुमच्या बोलीत बोलायचात, मला त्यातलं अर्धंच कळायचं, पण मला हसताय हे बरोबर कळायचं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सावंतवाडीकडून मी इथे आलो तो फ्लॅट स्वस्त म्हणून. गाळ्यातून घर आणि घरातून गाळा, एवढंच माझं वसई. बायको सोडली तर माणूस म्हणावं असं इथे माझं कुणी नव्हतं. तू पहिल्यांदा घरी नेलंस, केळीचा घड बांधून दिलास, आणि पुढच्या रविवारी का आला नाहीस म्हणून भांडलास. मला रविवार तुझ्यामुळे मिळाला, पास्कल. हे तोंडावर बोललो असतो तर तू पत्ते वाटायला घेतले असतेस, म्हणून राहून गेलं.

शेवटच्या रविवारी जेनीचा धीर सुटला. नाताळ होऊन गेला होता, मैत्रिणी विचारत होत्या. शर्यत पुन्हा त्याच वळणावर बसली आणि ती उठून म्हणाली, "राहू दे पप्पा. तुमच्याने नाही होणार." रागात बोलली, पोरं बोलतात. तू सप्लायचे स्क्रू काढत राहिलास. ती आत गेली. त्यानंतर आपण भांडलो आणि तू उद्या बघू म्हणालास.

तू गेल्यावर तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे टीव्हीवर कापड पडलं, रेडिओ बंद झाला. महिन्याच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे तुझ्यासाठीच्या चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत, घरात गाणंबजावणं नाही. रोज संध्याकाळी शेजारपाजारचे रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला जमायचे. मीही यायचो, मागे उभा राहायचो. पडवीत तो डबा टेबलावर तसाच होता, एक बाजू उघडी. सप्लाय मी परत बसवून स्क्रू आवळले, केवळ हात रिकामे राहवेनात म्हणून.

मग एका संध्याकाळी जेनीचा फोन आला. "काका, तो चालतोय." मी म्हटलं, काय चालतोय? तिने आवाज बंद करून मशीन लावलं होतं, गेम नुसता सुरू करून बघितला होता, आणि तो दुपारपासून एकदाही बसला नव्हता. मला आनंदच झाला. तिला नव्हता झाला. मी तडक नंदाखालला आलो, तर पोरगी भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली.

"पप्पा होते तेव्हा एकदा पण नाही चालला," ती म्हणाली. "मी बोलले तुमच्याने नाही होणार. आता पप्पा नाहीत तर हा नीट चालतोय. असं का, काका?"

शेजारची म्हातारी तिथेच होती. ती बिचारी समजुतीने म्हणाली, "त्याचा जीव त्यात गुतला होता गो. आता मोकला झाला." जेनीने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या काळजात चर्र झालं. पंधरा वर्षांची पोर. जन्मभर ती हेच मनात घेऊन राहणार, की बापाला टोचून बोलले, बाप गेला, आणि गेल्यावर यंत्र सुरू झालं. तिने प्लग काढला आणि म्हणाली, "मला नको हा. तुम्ही घेऊन जा."

मी म्हटलं, "नेणार नाही. यंत्राला जीव नसतो, यंत्राला कारण असतं. ते कारण मी तुला शोधून देणार, मग तू हा ठेव नाहीतर भंगारात टाक."

बोलून तर बसलो. पण पास्कल, बिघडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं, चालणारं कसं करणार? मी रोज गाळ्यातून थेट तुझ्याकडे. कार्ड काढलं, साफ केलं, लावलं. चालतंय. मेमरी बदलली, चालतंय. एक पंखा मुद्दाम बंद करून मशीन तापवलं, तरी चालतंय. तुझ्या सप्लायला मी इतक्या शिव्या दिल्या असतील, पण तो पठ्ठ्या हलेना. माझी बायको म्हणाली, चालतंय ना, मग देवाचे आभार माना आणि घरी बसा. तिला काय सांगणार? मला चालणं नको होतं, मला तो एकदा बंद पडायला हवा होता. एवढा मनापासून मी आयुष्यात कशाचा बिघाड मागितला नाही.

जेनी पडवीत पाऊल टाकत नव्हती. दारातून बघायची आणि जायची. मिस्सा जवळ येत होती. मला वाटायला लागलं होतं की आपण हात टेकणार.

आणि एका संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "सुभाषभाऊ, केळीची पानं मान टाकतायत. मला तिकडे जाववत नाही. पंप तेवढा लावाल?" खरंच, तुझ्यामागे वाडीत पाणी फिरलंच नव्हतं. वाडीच्या टोकाला तुमचं बावखल, ते गोड्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या काठावरची पंपाची खोली. तिचं कुलूप कुणी काढलं नव्हतं. ते काम रोज तुझं होतं. मी किल्ली घेतली, पडवीत गेम चालू होता तो तसाच ठेवला आणि केळीतून चालत गेलो. खोलीत भिंतीवर आपलाच डबा, राखाडी. तू गाळ्यातून आणून लावलेला. हिरव्या बटणावर तुझ्या अंगठ्याने रंग गेलेला. मी क्षणभर थांबलो, मग दाबलं. पंप धडधडला, पाटात पाणी आलं.

परत आलो तर जेनी पडवीच्या दारात उभी. "काका, तो बंद पडला!"

मला हसू येत होतं की रडू तेच कळेना. मीटर काढून भिंतीच्या सॉकेटला लावला. दोनशे तीस व्होल्ट असायला पाहिजेत तिथे एकशे साठच्या आसपास. वाडीत जाऊन पंप बंद केला, सॉकेट पुन्हा वर. विजेच्या मीटरच्या पेटीपासून निघालेली जुनी वायर पडवीतून जाते आणि तीच पुढे पंपाला. पंप सगळं ओढून घेतो, पडवीत उरतं ते आपल्या गेमला पुरत नाही. तू रोज संध्याकाळी आधी पंप लावायचास, हात धुवायचास आणि मग मशीनसमोर बसायचास. मी यायचो तोही नेमका त्याच वेळी, आणि एरवी तो डबा उघडा पडलेला नाहीतर गाळ्यात. सॉकेट तू मोजला होतास म्हणा, पण सकाळी, मिस्सेला जायच्या आधी. दिवे मंद व्हायचे, ते दिसत कसे नव्हते? दिसत होते. पण आपल्याकडे दिवे मंद झाले की माणूस म्हणतो, संध्याकाळ झाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, पास्कल! व्होल्टेज फारच पडलं की पंप आपोआप बंद करणारी कॉइल आपण रोज हाताने बसवत होतो. दुनियेला सांगत होतो की व्होल्टेज सांभाळा. आणि आपल्या डब्याच्या आत बारा व्होल्ट आणि पाच व्होल्ट मोजत, एकमेकांची अक्कल काढत बसलो. पंपवाल्यांना पंप सुचला नाही.

जेनीला मी तोंडाने काही सांगितलं नाही. तिला म्हटलं, तू जा, पंप तू लाव. ती गेली. मी पडद्यासमोर बसलो. पडदा काळा झाला. ओरडून सांगितलं, बंद कर. मशीन लावलं, शर्यत सुरू. पुन्हा लाव म्हटलं, पुन्हा काळा. असं तिला पटेपर्यंत केलं. मग ती केळीतून धावत आली, पाय चिखलाने भरलेले.

"म्हणजे पप्पा..."

"पप्पा वाडीला पाणी देत होते," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

तू गेल्यापासून तिच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, वहिनींना त्याचीच धास्ती होती. तेव्हा ती पायरीवर बसून मोठमोठ्याने रडली. वहिनी धावत बाहेर आल्या. मी त्यांना हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने नाक पुसून ती मला म्हणाली, "तुम्ही दोघं पंपाच्याच फॅक्टरीत कामाला ना?" अगदी तुझा आवाज, तुझा खवचटपणा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

वहिनी म्हणाल्या, मग सोपं आहे, पंप चालू असताना खेळू नकोस. मी म्हटलं, नाही. वाडीला पाणी संध्याकाळीच लागतं आणि पोरीला अभ्यास उरकून वेळ संध्याकाळीच मिळतो. तू दोन्ही लावून बसायचास, तुला दोन्ही हवं होतं. एकासाठी दुसरं बंद करायचं असतं तर तो डबा बनवलाच कशाला? मीटरपासून पंपापर्यंत वेगळी जाड केबल टाकायची, पडवीची वायर पडवीला. गाळ्यात नुसतं बोललो, तर सगळे कारागीर रविवारी फावडी घेऊन हजर. शेठनी केबल पाठवली आणि वर निरोप, की माझी हरलेली शर्यत बाकी आहे.

केळीच्या रांगांमधून चर खणला. जेनी सकाळपासून माझ्या मागे, हातात टेस्टर. मी कुंपणाच्या कोपऱ्यावर केबल काटकोनात वाकवली तर लगेच म्हणाली, "काका, अशी मोडू नका. आधीपासून वळवत या." मी म्हटलं, तू मला शिकवणार? ती म्हणाली, "उगाच ताण कशाला द्यायचा कोपऱ्यावर?" आम्ही तिथे चांगले भांडलो. कारागीर फावड्यांवर रेलून बघत होते. शेवटी चर तिच्या म्हणण्याप्रमाणे लांबून वळवला, आणि तेच बरोबर होतं. भांडायला कुणी उरलं नाही म्हणून मी रडत होतो, तर तू सोय करूनच गेला होतास.

आज तुझी महिन्याची मिस्सा झाली. माणसं जेवली, उठली, गेली. तुझ्या भावाने टीव्हीवरचं कापड काढून घडी घातली. जेनी पडवीत उभी होती, बटणाकडे बघत, दाबत नव्हती. आतून वहिनी आल्या, तिच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लाव. आवाज लाव." मग मला म्हणाल्या, "भाऊ, पाण्याची वेळ झाली."

मी किल्ली घेऊन निघालो. मागे शर्यत सुरू झाल्याचा आवाज आला. केळींनी आता माना वर केल्यात, तुला बरं वाटेल. बावखलाकाठच्या खोलीत गेलो आणि जिथे तुझा अंगठा लागायचा तिथे माझा ठेवला. भीती वाटत होती, कबूल करतो. दाबलं. पंप धडधडला, पाणी पाटात पडलं, आणि मी बाहेर येऊन कान देऊन उभा राहिलो. केळीच्या पानांपलीकडून, पाण्याच्या आवाजातूनही, तुझ्या घरातून गाडीचा आवाज येत होता. मोठं वळण आलं, आवाज जरासा उतरला, मला वाटलं गेला. पण तिने फक्त स्पीड सोडला होता. मग तो पुन्हा चढला आणि चढतच गेला.

कार्ड चांगलं होतं, पास्कल. तुझा सप्लायही चांगला होता. आपण दोघंही चुकलो, वाद मिटला. तू उद्या बघू म्हणाला होतास ना, ते आज बघितलं.